लाटणं आणि काठवट: लेथवर वाडगा कातताना जीव कसा सांभाळायचा

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरे.)



टेबलावर मी दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक लाटणं आणि एक काठवट. दोन्ही लाकडाच्या, दोन्ही लेथवर कातलेल्या. लाटणं तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. काठवट आता कमी दिसते, पण ज्यांच्या घरी भाकरीचं पीठ अजून लाकडात मळतात त्यांना ती लगेच ओळखू येईल. आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. लाटणं कातायला शिकलेला माणूस त्याच सवयीने काठवट किंवा वाडगा कातायला गेला, तर त्याला इजा होण्याची शक्यता फार मोठी असते. मशीन तेच असतं, माणूस तोच असतो, धोका मात्र पूर्णपणे वेगळा असतो.

हा विषय आत्ता घेण्याचं कारण सांगतो. पूर्वी लेथ कातारी मंडळींकडे असायचा. भोवरे, लाटणी, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर अशी कामं चालायची. जुना लेथ दोरीवर चालायचा. एक जण दोरी ओढणार, लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरणार, आणि दुसरा पुढच्या फेऱ्याला हत्यार लावणार. हत्यार अडकलं तर दोरी ओढणाऱ्याच्या हाताला ते आधी कळायचं, आणि लाकूड तिथेच थांबायचं. आज छोटा विजेचा लेथ ऑनलाइन मागवता येतो. खोकं उघडलं, टेबलावर बोल्ट केला, व्हिडिओ बघितला, की दुसऱ्या दिवशी वाडगा! त्या लेथच्या मोटरला हात नाहीत. हत्यार अडकलं हे तिला कळत नाही. ती फिरवतच राहते.

लाकडाची रेषा कुठे जाते

आता हे लाटणं बघा. लाकडाचे तंतू, म्हणजे ज्याला सुतार रेषा म्हणतात ती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली आहे. लेथ ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्याशी ती समांतर आहे. हत्यार कुठेही लावा, त्याला लाकडाचा सारखाच विरोध मिळतो. शिवाय लाटणं दोन्ही टोकांना धरलेलं असतं.

काठवट फळीतून निघते. म्हणजे रेषा अक्षाला आडवी आहे. ठोकळा एक पूर्ण फेरा घेतो तेव्हा धारेसमोर दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा तंतूंची टोकं येतात. मिनिटाला ८०० फेरे असतील, तर मिनिटात १६०० वेळा धारेसमोर टोकं उभी राहतात. मऊ, कठीण, मऊ, कठीण. हात थोडा जरी सैल असला तरी त्या कठीण जागी हत्यार खेचलं जातं.

दुसरं म्हणजे, लाकूड रेषेच्या दिशेने फुटतं हे सरपण फोडणाऱ्या कोणालाही माहीत आहे. काठवटीत ती फुटण्याची दिशा थेट व्यासावरून जाते. एखादी बारीक चीर असेल, तर फिरण्याचा जोर ती चीर उघडायलाच बसलेला असतो. आणि तिसरं म्हणजे, वाडग्याची आतली बाजू कोरायची तर तो एकाच बाजूने धरावा लागतो. दुसरं टोक मोकळं असतं.

वेगाचा हिशोब

आता थोडी आकडेमोड. कंटाळू नका, हीच आजची मुख्य गोष्ट आहे.

लाटणं चार सेंटिमीटर जाडीचं आहे असं धरा. लेथ मिनिटाला २२०० फेरे घेतोय. लाटण्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे जोरात चालवलेली सायकल. आता त्याच वेगावर दहा इंच व्यासाचा ठोकळा लावा. त्याची कड ताशी १०५ किलोमीटरने पळायला लागते. तुम्ही काहीच बदललेलं नाही. फेरे तेवढेच आहेत. फक्त लाकूड रुंद झालं.

आता वजन. दहा इंच व्यास, चार इंच जाडी, आंब्यासारखं मध्यम वजनाचं वाळलेलं लाकूड. ठोकळा भरतो साधारण सव्वातीन किलो. ओला असेल तर आणखी जड. ८०० फेऱ्यांवर त्यात साठलेली ऊर्जा येते सुमारे ९० जूल. जूल म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून क्रिकेटचा चेंडू घेऊ. ताशी १२० किलोमीटरने आलेल्या सीझन बॉलमध्ये जवळपास तेवढीच ऊर्जा असते. म्हणजे योग्य, सावकाश वेगावर फिरणारा ठोकळासुद्धा मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू आहे, आणि तुम्ही हेल्मेट, पॅड काही न घालता दोन फुटांवर उभे आहात.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. फेरे दुप्पट केले तर ऊर्जा चौपट. ८०० चे २२०० केले तर साडेसात पट.

आणखी एक आकडा देतो. ठोकळ्याच्या कडेला १०० ग्रॅमचा सालीचा तुकडा चिकटलेला आहे. ८०० फेऱ्यांवर तो तुकडा नऊ किलो वजन टांगल्यासारखा बाहेर ओढला जातो. २२०० वर तीच ओढ जवळपास ६९ किलोची होते. एक मोठा माणूस त्या सालीला लोंबकळतोय असं समजा. साल टिकेल का?

म्हणून वाडग्यासाठी एक ढोबळ नियम पाळतात. व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, आणि उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचं. दहा इंचांला ६०० ते ९००. बारा इंचांला ५०० ते ७५०. हा आकडा गोल झालेल्या, समतोल ठोकळ्यासाठी आहे. करवतीने नुसता कोपरे काढलेला, एका बाजूला जड असलेला ठोकळा याहून खाली, लेथच्या सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचा. मशीन थरथरायला लागलं तर वेग कमी करा. थरथर असताना वेग वाढवून 'ती जाते का बघू' असं करायचं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एकदा सकाळी मी पाच-सहा लाटणी कातली. दुपारी त्याच लेथवर फणसाचा दहा इंची ठोकळा चढवला. पट्टा वरच्या वेगावरच राहिला होता. माझा लेथ पट्ट्याचा, वेग बदलायचा तर झाकण उघडून पट्टा हलवायचा, आणि मी तो हलवला नव्हता. स्विच डाव्या हाताला, थोडा बाजूला होता, म्हणून मी बाजूला उभा राहून तो दाबला. दोन सेकंदांत ठोकळ्याचा एक तुकडा सुटला, मी नेहमी जिथे उभा राहतो त्या जागेवरून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा काढून खाली पडला. मी वाचलो ते स्विचच्या जागेमुळे. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती. त्या दिवसापासून लेथच्या झाकणावर खडूने लिहिलंय: 'वेग किती?'

आधी लाकूड वाजवून घ्या

मडकं विकत घेताना आपण ते वाजवून बघतो. ठोकळाही वाजवून घ्या. कडेला धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने किंवा लाकडाच्या छोट्या दांड्याने ठोका मारा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. आत चीर असेल, कुजकं असेल तर आवाज बद्द येतो. या परीक्षेवर सगळा भरवसा ठेवू नका, ती फक्त पहिली चाळणी आहे.

मग डोळ्यांनी बघा. टोकाकडून आत जाणाऱ्या चिरा, सैल गाठी, लाकडाच्या आत वळून गेलेली साल, बुरशीने मऊ पडलेला भाग. चीर रेषेत, व्यासावरून जात असेल, तर तो ठोकळा वाडग्याचा नाही. त्याचे दोन छोटे करा, नाहीतर चुलीत घाला. चिरेत इन्स्टंट ग्लू ओतून ठोकळा 'दुरुस्त' करणारे बरेच भेटतात. तो गोंद पृष्ठभागावरची बारीक रेघ बुजवतो. फिरणाऱ्या ठोकळ्याचे दोन भाग एकत्र धरून ठेवायला त्याच्यावर विसंबू नका.

शहरात रस्त्याकडेचं झाड पडलं, की आपल्याला फुकट लाकूड मिळतं. रेन ट्री, गुलमोहर, कडुनिंब. त्यात जाहिरातींचे खिळे असतात, कधी तारा असतात, आणि झाडाने त्यांच्यावर लाकूड चढवलेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही. लाकडात निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असंच समजा. छोटं चुंबक खिशात ठेवा.

पकड

वाडगा साधारण दोन टप्प्यांत कातला जातो. आधी बाहेरची बाजू आणि बूड, मग उलटा धरून आतली बाजू.

पहिल्या टप्प्यात ठोकळा फेसप्लेटला स्क्रूने बसवतात. इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. छताच्या जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात, तेच वापरतात. ते कडक केलेले असतात, त्यामुळे वाकत नाहीत, थेट तुटतात. आडव्या झटक्याने डोकं उडतं, आणि एक गेला की शेजारच्यांवर भार येतो. जाड दांड्याचे, लाकडासाठीचे चांगले स्क्रू घ्या, फेसप्लेटला जेवढी भोकं आहेत तेवढे सगळे लावा, आणि ते इंचभर तरी निकोप लाकडात गेले पाहिजेत. सालीत नाही, सालीलगतच्या मऊ भागात नाही.

दुसऱ्या टप्प्यात चार जबड्यांचा चक. त्यासाठी बुडाला एक गोल कुसू ठेवतात. त्याचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश तरी असावा. दहा इंची वाडग्याला दीड इंचाचा कुसू ठेवला, तर हातभर फांदीवर हत्ती बसवल्यासारखं होतं. कुशाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सगळीकडून सपाट टेकला पाहिजे. कुसू चकच्या तळाला टेकता कामा नये, कारण मग खांदा टेकत नाही आणि ठोकळा डुलायला लागतो. ओला ठोकळा असेल तर काम करता करता कुसू थोडा आवळतो. दर थोड्या वेळाने लेथ थांबवून चक पुन्हा कसा. आणि कसून झालं की किल्ली लगेच बाहेर. किल्ली चकमध्ये आणि हात दुसरीकडे, असं कधीही होऊ देऊ नका.

टेलस्टॉक, म्हणजे समोरचा आधार, जितका वेळ लावून ठेवता येईल तितका ठेवा. बाहेरची सगळी बाजू त्याच्या आधाराने कातता येते. आतलं कोरतानासुद्धा मधे एक खुंट ठेवून बराच भाग आधार न काढता होतो. 'आड येतो' म्हणून टेलस्टॉक आधीच सरकवून ठेवणं ही घाई आहे.

माऱ्याची रेषा

गोफणीतून दगड सुटतो तो गोफण फिरते त्याच पातळीत. ठोकळ्याचंही तसंच आहे. तो ज्या पातळीत फिरतो, त्याच पातळीत तुकडा सुटतो. समोर, मागे, वर छताकडे, खाली. त्या पातळीला मी माऱ्याची रेषा म्हणतो. ही रेषा मनातल्या मनात जमिनीवर, भिंतीवर आखा. स्विच दाबताना तुम्ही त्या रेषेत नसावं. बघायला आलेला मुलगा, चहा घेऊन आलेलं माणूस, कोणीच तिथे नसावं. वेग वाढवतानाही बाजूला व्हा.

आता चेहऱ्याच्या ढालीबद्दल. फेस शील्ड हवीच. अमेरिकन लाकूडकातणाऱ्यांची जी संघटना आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, तिच्या सुरक्षा सूचनांतही वाडग्यासारख्या कामाला नुसता चष्मा पुरेसा मानलेला नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल सांगितली आहे. कोविडच्या काळातली पातळ प्लास्टिकची पट्टी म्हणजे फेस शील्ड नव्हे. पॉलिकार्बोनेटची, आघातासाठी तपासलेली, झेड ८७ प्लस अशी खूण असलेली घ्या.

पण तिच्या मर्यादेचाही हिशोब करू. त्या अमेरिकन मानकाच्या एका चाचणीत अर्ध्या किलोचं टोकदार वजन सुमारे १२७ सेंटिमीटरवरून ढालीवर टाकतात. ती ऊर्जा होते सव्वासहा जूल. मघाशी आपला ठोकळा योग्य वेगावर होता तेव्हा त्यात ९० जूल होते. तो मधोमध फुटून अर्धा तुकडा सुटला तरी ४५. म्हणजे ढाल तुम्हाला ढलप्यांपासून, सालीच्या तुकड्यांपासून वाचवते. ठोकळ्यापासून वाचवतं ते तुमचं उभं राहण्याचं ठिकाण.

स्विच दाबण्याआधीचा माझा क्रम असा आहे. वेग बघायचा. चक किंवा फेसप्लेट हाताने हलवून बघायची. टूल रेस्टचे आणि टेलस्टॉकचे खटके आवळलेत ना, ते बघायचं. ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा, कुठे रेस्टला लागत नाही ना. ढाल खाली. बाजूला व्हायचं. मग स्विच. अर्धं मिनिट लागतं. देवाला नमस्कार करून काम सुरू करणारे कारागीर आपण बघितलेत. हा त्याच वेळी करायचा नमस्कार समजा.

आता वीज. आपल्याकडे लाइट जाते. लेथ चालू असताना गेली, तुम्ही वैतागून आत गेलात, स्विच तसाच. तासाभराने तुम्ही चक सोडवायला हात घातलाय आणि लाइट आली, तर? शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचं उदाहरण घ्या. लाइट गेली की तो पडतो, आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही. रात्री उठायला नको म्हणून शेतकरी त्याला 'ऑटो' लावतात ते वेगळं. लेथला तसाच आपोआप पडणारा स्विच बसवून घ्या, आणि 'ऑटो' कदापि नको. तो बसेपर्यंत, लाइट गेली की आधी स्विच बंद आणि प्लग बाहेर.

हत्यार का अडकतं

ज्याला इंग्रजीत कॅच म्हणतात, तो म्हणजे हत्याराची धार अचानक लाकडात घुसणं. मोठा आवाज होतो, हत्यार हातातून हिसकलं जातं, ठोकळा पकडीतून सुटूही शकतो.

वाडग्यासाठी मुख्य हत्यार म्हणजे बाउल गाउज. नळीसारखी खोलगट, गोल जाड दांड्यातून घडवलेली पटाशी. तिच्या धारेमागे घासलेला उतार असतो, तो बेव्हल. हा उतार लाकडावर टेकलेला असेल तर धार किती आत जायची ते तो ठरवतो. उतार उचलला गेला की धार मोकाट सुटते. म्हणून क्रम पक्का करा. आधी दांडा रेस्टवर टेकवायचा. मग उतार लाकडावर टेकवायचा, तो नुसता घासत राहील, कापणार नाही. मग मूठ हळूच हलवून धार कामाला लावायची. धार आधी आणि रेस्ट नंतर असं झालं की लाकूड हत्यार खाली आपटतं, आणि मधे बोट असेल तर बोटासकट.

कापण्याची दिशाही रेषेवरून ठरते. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे. आतून कातताना काठाकडून मध्याकडे. तसं केलं की कापला जाणारा प्रत्येक तंतू मागच्या तंतूंवर टेकलेला असतो.

एका हत्याराबद्दल स्पष्ट इशारा देतो. सेटमध्ये एक रुंद, अर्धगोल गाउज येते, स्पिंडल रफिंग गाउज. चौकोनी दांड्याचा गोल करायला, म्हणजे लाटण्याच्या जातीच्या कामाला ती उत्तम. नवशिक्याला वाटतं, मोठी आहे, मोठ्या वाडग्याला चालेल. ती वाडग्याला कधीच लावू नका. तिचं पातं मुठीत जाताना बारीक, चपटं होतं. आडव्या रेषेच्या ठोकळ्यावर ती अडकली, की तिथूनच वाकते किंवा तुटते.

रेस्ट लाकडाच्या जवळ ठेवा, बोटाच्या जाडीपेक्षा कमी अंतरावर. वाडगा कोरत गेलात की अंतर वाढतं. मग थांबवा, रेस्ट सरकवा, हाताने फिरवून बघा, पुन्हा सुरू करा. फिरता ठोकळा समोर असताना रेस्ट हलवायची नाही. आणि धार. बोथट हत्याराला माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात अडकल्यावर मागे घेता येत नाही. ढलप्यांऐवजी भुसा पडायला लागला की ग्राइंडरकडे जा.

पॉलिश पेपर, कपडे आणि दागिने

काम संपत आलं की माणूस निर्धास्त होतो, आणि तेव्हाच बोटं जातात. पॉलिश पेपर लावताना टूल रेस्ट पूर्ण काढून ठेवा, नाहीतर बोट रेस्ट आणि लाकडाच्या फटीत सापडतं. पेपर बोटाला गुंडाळायचा नाही, नुसता चिमटीत धरायचा, ओढला गेला तर सुटला पाहिजे. लाकूड तुमच्यापासून दूर जातंय त्या बाजूने हात लावा. तेल किंवा मेण लावायला कापड वापरू नका. कापड गुंडाळलं जातं आणि हात सोबत नेतं. टिश्यू पेपर फाटतो, आणि तो फाटतो म्हणूनच चांगला.

सैल बाही कोपराच्या वर. ओढणी बाजूला ठेवून या. पदर खोचून पुरत नाही. मंगळसूत्र, साखळी, अंगठी, मनगटातला गंडा, राखी, सगळं काढा. गंडा काढायला मन होत नसेल तर त्या दिवशी लेथवर बसू नका. लांब केस बांधून टोपीत.

न दिसणारी धूळ

आतापर्यंत बोललो ते अपघात क्षणात होतात. हा शेवटचा भाग वीस-तीस वर्षांनी दिसणारा आहे.

इंग्लंडमध्ये हाय वायकोम्ब नावाचं खुर्च्या-फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या भागात फर्निचर कामगारांत नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण विलक्षण जास्त असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९६८ साली तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं. हा आजार मुळात दुर्मीळ आहे, घाबरून जाऊ नका. पण वर्षानुवर्षं उघड्या नाकाने काम करणं शहाणपणाचं नाही.

जी धूळ दिसते, अंगावर पडते, ती बरीचशी नाक अडवतं. खोल जाते ती डोळ्यांना न दिसणारी, आणि ती पॉलिश पेपरने सर्वांत जास्त होते. लेथ बंद केल्यावरही ती बराच वेळ हवेत तरंगत राहते. म्हणून एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क, नाकावर घट्ट बसलेला, आणि लेथ थांबल्यावर लगेच काढायचा नाही. रुमाल बांधून काही होत नाही.

काही लाकडं त्वचेला, श्वासाला लागतात. सागाने, शिसवीने काहींना पुरळ येतं. आंब्याकडे विशेष लक्ष द्या. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आंब्याच्या लाकडाची धूळही काहींच्या अंगावर तशीच उठते, आणि पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं.

जाता जाता एक. अळशीचं तेल लावलेला बोळा चुरगळून डब्यात टाकला, तर सुकताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो, आणि शेजारी भुसा असतोच. बोळे उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: ढलप्या गरम लागतात. हातमोजे घातले तर?

उत्तर: सैल कापडी किंवा चामडी मोजा फिरत्या लाकडात अडकला तर हात ओढून नेतो. ढलपी चटका देते, मोजा बोट नेतो. हत्याराचा कोन थोडा बदलला की ढलप्यांची दिशा बदलते, ते करून बघा.

प्रश्न: मी घरी एकटाच काम करतो. काही खास काळजी?

उत्तर: घरात कोणीतरी असताना काम करा आणि लेथ चालू आहे हे त्यांना सांगून ठेवा. आत येणाऱ्याने मागून हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही. तुम्हाला दिसेल अशा जागी, माऱ्याच्या रेषेबाहेर, उभं राहून वाट बघायची. घरच्यांना हे एकदा समजावून द्या. फोन खिशात ठेवा, पण लेथ चालू असताना उचलू नका.

प्रश्न: काम चालू असताना आवाज बदलला तर नेमकं काय करायचं?

उत्तर: फार चांगला प्रश्न. आवाज बदलणं, नवीन टकटक, अचानक थरथर, ही लाकडाची हाक असते. हत्यार मागे घ्या, माऱ्याच्या रेषेतून बाजूला व्हा, मग बंद करा. हाताने चक धरून थांबवू नका, त्याला आपोआप थांबू द्या. मग चीर शोधा, चक तपासा. काही सापडलं नाही तरी वेग कमी करूनच पुन्हा सुरू करा. दोनदा आवाज आला तर ठोकळा उतरवा.

प्रश्न: पण तोवर दोन दिवसांचं काम झालेलं असतं. टाकवत नाही.

उत्तर: मलाही टाकवत नाही. माझ्या खोलीत एका कोपऱ्यात असे अर्धवट सोडलेले अकरा वाडगे आहेत. एकात कुंडी ठेवलीय, एकात खिळे ठेवलेत. बाकीचे तसेच पडून आहेत. त्यातल्या एकाही वाडग्याचं मला दुःख नाही, कारण ते मोजायला माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत.